दुसरा उकार

गेल्या श्रावणात, दिवेलागणीच्या सुमारास, माझ्या भाचीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या आईचा फोटो पाठवला. भाची नांदेडला वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. फोटो मला नवीन नव्हता. आईचा तरुणपणीचा तेवढा एकच फोटो घरात आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात धाकट्या काकांच्या लग्नात कोणा पाहुण्याने तो काढला होता. मूळ प्रत माझ्या भावाच्या घरी भिंतीवर असते आणि भाचीने सुट्टीत ती मोबाईलवर टिपून घेतली होती. कडांना चहाच्या डागासारखा पिवळेपणा आलेला, वरच्या कोपऱ्यात बुरशीने काढलेला नकाशा, मांडवाच्या मेढीला टेकून उभी असलेली आई, उन्हाने बारीक झालेले तिचे डोळे, आणि दोन्ही खांद्यांवरून असा ओढून घेतलेला पदर की कोपराखाली हात दिसतच नाहीत. फोटोखाली भाचीने लिहिले होते, ‘आत्या, ह्या फोटोत मी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. सापडतंय का बघ.’

मी चष्मा पुसून घेतला, दोन बोटांनी फोटो ताणला, आणखी ताणला, आईच्या कपाळावरचे कुंकू चौकोनी तुकड्यांचे होईपर्यंत ताणला. बत्तीस वर्षे मराठीची शिक्षिका म्हणून मुलांच्या वह्यांत लपलेल्या चुका शोधण्यात गेली असल्यामुळे, डोळ्यांना काही खटकल्याशिवाय राहणार नाही असा माझा समज होता. काहीच खटकले नाही. शेवटी तिला फोन केला, तेव्हा तिने तोच फोटो परत तिच्याकडे पाठवायला सांगितला, आणि पाच मिनिटांनी तिचा आवाज जरा पडलेला आला. ‘आत्या, फोटो पोचला, पण निरोप पोचला नाही गं. व्हॉट्सअ‍ॅपनं धुऊन काढला.’ काय लिहिले होते ते काही केल्या सांगेना.

फोटो पोचला, पण निरोप पोचला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण भाचीला सांगण्यासारखे नव्हते.

महालक्ष्म्यांना ती परभणीला माझ्याकडे आली, तेव्हा पुरणाची डाळ निवडता निवडता तिने मला हे सारे समजावून सांगितले. संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे ठिपक्यांचा तक्ता असतो, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. हा आकडा तो आठ खुणांनी लिहितो आणि प्रत्येक खूण एक तर शून्य असते नाही तर एक. पहिल्या खुणेची किंमत १२८, तिच्यात फरक केला तर आईच्या चेहऱ्यावर हिरवा डाग उमटेल. शेवटच्या खुणेची किंमत अवघी एक, तिच्यात फरक केला तर १४२ चे १४३ होतील आणि जगातल्या कोणत्याही डोळ्याला ते कळणार नाही. लपवणारा ही शेवटची, कोणाच्या खिजगणतीत नसलेली खूण वापरतो आणि आपला मजकूर तिच्यात एकेक करून भरत जातो. आईच्या फोटोत १२०० गुणिले १६००, म्हणजे १९,२०,००० ठिपके होते. त्यांच्या ५७,६०,००० शेवटच्या खुणा होतात, आणि मराठीचे एकेक चिन्ह साठवायला चोवीस खुणा लागत असल्यामुळे त्यात २,४०,००० चिन्हे मावतात. एक अख्खी कादंबरी आईच्या लुगड्यात आणि मांडवाच्या सावलीत अशी मुरून गेली असती की पाहणाऱ्याला वाटावे, काय जुना, साधा फोटो आहे. भाचीने आणखी एक गंमत सांगितली. फोटो पिवळा पडला होता हे तिच्या पथ्यावर पडले होते. निव्वळ काळ्या-पांढऱ्या चित्रात तिन्ही आकडे सगळीकडे सारखेच असतात, आणि तिथे एखादाच बदलला तर हिशेब बघणाऱ्याच्या तो लगेच लक्षात येतो.

मी विचारले, ‘चिन्हे म्हणजे अक्षरेच ना?’ ती म्हणाली, ‘नाही आत्या, काना वेगळा, मात्रा वेगळी, उकार पण वेगळा मोजायचा.’ मग तिने मोबाईलवर यादी उघडून दाखवली. जगातल्या सगळ्या लिप्यांना मिळून संगणकाने जे क्रमांक दिले आहेत, त्यात आपल्या पहिल्या उकाराचा क्रमांक २३६९ आहे आणि दुसऱ्या उकाराचा २३७०. म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ यांच्यात फरक केवळ एकाचा, १४२ आणि १४३ यांच्यात असतो तितकाच. माझा हात डाळीच्या ताटात तसाच राहिला.

मजकूर धुतला कसा गेला, हेही तिने सांगितले. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुढे पाठवण्याआधी त्याला हलका करते, आणि त्यासाठी जी पद्धत वापरली जाते ती जेपेग या नावाने १९९२ मध्ये मानक म्हणून ठरली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक थरथर किती याचा हिशेब मांडायचा, आणि जी थरथर माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही तिचे आकडे ठोकळमानाने धरायचे किंवा सरळ शून्य करून टाकायचे. चित्र दिसायला तेच राहते आणि वजनाला एकदम हलके होते. भाचीचा निरोप नेमका त्या थरथरीतच राहत होता. त्याला कोणी पाहिले नाही, कोणी पकडले नाही, त्याच्यावर कोणाचा रागही नव्हता. केरसुणी फिरली आणि कोपऱ्यात ठेवलेला मोती कचऱ्याबरोबर गेला, इतकेच झाले. हाच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर ही झाडलोट झाली नसती, असे ती हळहळून म्हणाली.

लपवण्याच्या या विद्येत मला आमच्या वाड्याचे अंगण दिसू लागले. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिला आणि मुलांनी तो वाक्यात उपयोग करून मुकाट्याने पाठ केला, पण त्यातल्या एकानेही पेव पाहिलेले नव्हते. मी पाहिले आहे. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणाच्या पोटात ज्वारीचे पेव होते. त्याचे तोंड शिळेने झाकलेले, वर माती, मातीवर शेणाचे सारवण, आणि सारवणावर खुंटीला बांधलेली गाय. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरायचे नाही, आत कोंडलेली हवा जीव घेते. आधी दोरीने कंदील सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. तळाच्या ज्वारीला एक आंबूस, ओलसर वास यायचा आणि त्या ज्वारीच्या भाकरीलाही तो यायचा. आम्ही पोरे नाके मुरडायचो आणि आजी म्हणायची, ‘ह्या वासानंच आपल्याला जगवलंय.’ निजामाच्या राज्यात लेव्हीचे, म्हणजे सरकारी सक्तीच्या वसुलीचे, धान्य मागायला माणसे यायची, आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधीच्या महिन्यांत रझाकारांची भीती आली, त्या काळात त्या गायीने काय काय राखले होते ते आजी आम्हांला सांगायची. मला तिचे एक वाक्य फार लक्षात आहे. ती म्हणायची, माणसे यायच्या दिवशी गाय तिथे आणून बांधली तर ते शहाणे ओळखतात. गाय वर्षभर तिथेच पाहिजे, तिथेच तिने मुतले पाहिजे, तिथेच वासरू व्याले पाहिजे.

पण पेव शोधणारेही काही कमी नव्हते. ते अंगणभर टाच आपटत किंवा काठी ठोकत फिरायचे आणि आवाज पोकळ आला की थांबायचे. फोटोतल्या पोकळ आवाजाचा शोध १९९९ मध्ये वेस्टफेल्ड आणि फिट्झमान या दोघा जर्मनांनी लावला. साध्या फोटोत १४२ आकड्याचे ठिपके किती आणि १४३ चे किती, हे कसेही असते, त्याला काही धरबंध नसतो. शेवटच्या खुणांत मजकूर भरला की अशा शेजारच्या जोड्यांची संख्या जवळजवळ सारखी होऊन बसते, कारण सांकेतिक करून भरलेल्या मजकुराच्या खुणांत शून्य आणि एक साधारण निम्मेनिम्मे असतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोजदाद केली की ही नको इतकी बरोबरी उघडी पडते. नव्याने सारवलेली जागा बाकीच्या अंगणापेक्षा जरा जास्तच सपाट दिसावी, तसेच हे आहे. म्हणून जाणकार थोडेच लपवतात आणि तेही सगळ्या चित्रभर विखरून ठेवतात.

मामांचे गाव पैठणजवळ, गोदाकाठचे. तिथल्या एका महानुभाव घरात सकळ लिपीतली पोथी होती आणि लहानपणी आई व मामा ती पाहायला जात. रवळोबासांनी केलेली ही लिपी अशी की अक्षर एक दिसते आणि वाचायचे दुसरेच. कित्येक शतके बाहेरच्यांना तिचा पत्ता लागला नाही, आणि अखेर इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिचा उलगडा केला. पण ती पोथी समोर उघडी धरली तर कोणीही म्हणेल, इथे काहीतरी राखून ठेवले आहे. ते कुलूप आहे, आणि कुलूप दिसते. फोटोत किंवा पेवात लपवणे ही निराळी गोष्ट आहे, तिथे कुलूपच नाही, नुसती गाय बांधलेली आहे. भाची मात्र दोन्ही करते. मजकूर आधी कुलूपबंद करते आणि मग फोटोत पुरते. कारण पद्धत आज ना उद्या चारचौघांना कळतेच, किल्ली तेवढी आपल्यापाशी राहावी, हे केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले आहे.

मग तिने तुरुंगाचे कोडे घातले. गुस्टाव्हस सिमन्स यांनी ते १९८३ मध्ये मांडले होते. दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत आणि त्यांना पळून जाण्याचा बेत ठरवायचा आहे. एकमेकांना पत्रे लिहायची त्यांना मुभा आहे, पण प्रत्येक पत्र पहारेकऱ्याच्या हातून जाणार आणि तो ते वाचणार. सांकेतिक लिपी दिसली की पत्रव्यवहार बंद. तेव्हा बेत असा लिहायचा की पत्र निव्वळ खुशालीचे वाटावे. पुढे या विषयातल्या लोकांनी पहारेकऱ्याचे दोन प्रकार केले. एक नुसता वाचतो आणि संशय आला तर अडवतो. दुसरा संशय येण्याची वाटच पाहत नाही. तो प्रत्येक पत्रात थोडी सारवासारव करून देतो, एखादा शब्द बदलतो, एखादी ओळ नीट करतो, अर्थाला धक्का न लावता. आत काही लपलेले असेल तर ते आपोआप मरते, आणि आपण काय मारले हे त्यालाही कळत नाही. ‘हा दुसरा फार डेंजर,’ असे भाची म्हणाली आणि डाळीतला खडा तिने बाहेर टाकला.

तो दुसरा पहारेकरी दहा वर्षांचा असताना कसा दिसत होता, ते मला माहीत आहे. दोन वेण्या, लाल फितीचे टोक चावायची सवय, दप्तरात कागदात गुंडाळलेले अर्धे ब्लेड.

१९७२ च्या श्रावणात पाऊस नव्हता. आधीची दोन वर्षेही धड झाली नव्हती, विहिरीचा तळ दिसू लागला होता आणि कडब्याच्या पेंडीचा भाव मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत होती. पंचमी जवळ आली होती. मराठवाड्यात पंचमीला मुराळी आला नाही तर सासुरवाशिणीचे मन कशातच लागत नाही, आणि दरवर्षी मामा मुराळी म्हणून यायचे. आईने मामांना कार्ड लिहिले. आमच्या घरी प्रत्येक कार्ड आबा, म्हणजे माझे आजोबा, मोठ्याने वाचत. येणारेही आणि जाणारेही. त्यात दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. कार्ड उघडेच असायचे आणि घरात वाचता येणारे मोठे माणूस तेच होते. आईने माझ्याच शाईपेनाने लिहिले होते: ‘तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आम्ही सर्व येथे खूशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी.’ आणखी दोन-तीन ओळी होत्या. आबांनी वाचले, मान डोलावली आणि शाळेशेजारच्या डब्यात टाकायला माझ्याकडे दिले.

शाळेसमोरच्या लिंबाखाली बसून मी ते कार्ड वाचले. आई चौथी शिकलेली, मीही तेव्हा चौथीत, आणि त्याच आठवड्यात गुरुजींनी शुद्धलेखनात माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. ‘खूशाल’मधला तो दुसरा उकार माझ्या डोळ्यात कुसळासारखा गेला. खालच्याच ओळीत ‘खुशाली’ बरोबर लिहिली होती, म्हणजे आईला येत होते, नुसती गफलत झाली होती, असे मी ठरवले. मामांच्या गावी पोस्टमन वाचेल, आणखी कोणी वाचेल, आणि माझ्या आईला हसेल. मी ब्लेड काढले. कार्डाचा जाड कागद खरवडताना त्याची पांढरी लव वर येते, ती फुंकर मारून उडवावी लागते, नाही तर शाई पसरते; हे सगळे मला येत होते. मी दुसरा उकार खरवडला, नखाने जागा घासून गुळगुळीत केली आणि त्यावर पहिला उकार काढला, इतका बेमालूम की मलाच माझे कौतुक वाटले. कार्ड डब्यात पडल्याचा आवाज ऐकून मी वर्गात गेले. घरी काही सांगितले नाही, कारण आईला ओशाळे वाटेल अशी मला काळजी होती.

त्या पंचमीला मामा आले नाहीत. मामींना दिवाळीनंतर आणतो असा निरोप तेवढा आला. श्रावण सरला, पोळा कोरडाच गेला, आणि कधीतरी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. त्या तिच्या माहेरच्या होत्या. तालुक्याच्या सावकाराकडे गहाण पडल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांच्यावर कडबा आला, त्या कडब्यावर आमची दोन बैलांची जोडी तगली, आणि पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा शेत पेरायला ते बैल होते. आम्ही त्या पेरणीचेच खाल्ले आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढची गोष्ट ऐकून कोणी चटकन हळहळले की मला ते बैल आठवतात.

त्यानंतर मामा घरी आले की आई त्यांना पाणी द्यायची, जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही. चुलीपाशी काहीतरी करत राहायची. एकोणचाळीस वर्षे हे असेच चालले. आम्हांला वाटायचे, आईचा स्वभावच तसा.

दिवाळीत भाचीने पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन कागद आणले. दोन्हींवर नुसते काळे-पांढरे ठिपके, जुन्या टीव्हीवर चित्र गेले की मुंग्या दिसायच्या तसे. मी एक डोळ्यासमोर धरला, दुसरा धरला, काही नाही. मग तिने एकावर एक ठेवून जरा सरकवले, कडा जुळवल्या, आणि मुंग्यांतून ठसठशीत ‘आत्या’ असे उभे राहिले. १९९४ मध्ये मोनी नाओर आणि अदी शमीर यांनी काढलेली ही युक्ती आहे. गुपिताचे वाटे घालण्याची मूळ कल्पना शमीर यांनी आणि स्वतंत्रपणे ब्लेकली यांनी १९७९ मध्ये मांडली होती. मला त्यातली जी गोष्ट लागली ती ही की अर्ध्या कागदात अर्धे गुपित नसते. काहीच नसते. एकच कागद जवळ असलेल्या माणसाने जन्मभर बसून हिशेब केला तरी त्याला एक अक्षर कळणार नाही, आणि आपल्या हातात कशाचा तरी वाटा आहे हेदेखील त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळायचे नाही.

आई २०११ मध्ये गेली. तेराव्याला मामा आले, तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. जेवणे झाल्यावर ओसरीवर टेकून त्यांनी पिशवीतून कार्डांचा एक गठ्ठा काढला, सुतळीने बांधलेला. आईची सगळी कार्डे त्यांनी ठेवली होती. ते म्हणाले, ‘बाई माझ्यावर का रुसली होती गं? मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. जाता जाता तरी सांगंल म्हणलं.’ मग जरा वेळाने, आपल्याशीच बोलावे तसे म्हणाले, ‘लगीन झालं तवा आमचं ठरलं होतं. तुझ्या आबांच्या हातून कार्ड येणार, तर उघडं काय लिवायचं? जीवावर आलं तर खुशालचा दुसरा उकार काढ म्हणलं, मी असंल तसा निघून येतो. पर बाईनं एकदा बी तसं लिवलं न्हाई. बघ, सगळी कार्डं बघ. म्हंजे सुखातच होती की.’

मी गठ्ठा सोडला. १९७२ च्या श्रावणातले कार्ड शोधायला मला वेळ लागला नाही. शिक्का अर्धवट उमटला होता, शाई तपकिरी पडली होती, आणि ‘खुशाल’ अगदी शुद्ध होते. मी त्या उकारावरून बोट फिरवले. तिथे कागद किंचित खरखरीत लागला. कार्ड उजेडासमोर धरले, तर खरवडलेल्या जागेतून तिळाएवढा उजेड आरपार येत होता. आईला पाटल्या मामांच्या हाती देऊन सुखरूप ठेवायच्या होत्या, की नुसते चार दिवस माहेरी जाऊन रडायचे होते, ते आता कोणालाच कळणार नाही. तिने बोलावले होते, एवढे मात्र माझ्या बोटाखाली होते. तिच्या लेखी भावाला खूण पोहोचली होती आणि तो आला नव्हता. त्याच्या लेखी खूण कधी निघालीच नव्हती. आणि माझ्या लेखी, एका चांगल्या मुलीने एक चूक सुधारली होती.

मामांना मी त्या दिवशी काही बोलू शकले नाही. चार महिन्यांनी पैठणला एका लग्नाला गेले, तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग उठले, फळीवरून गठ्ठा काढला, ते कार्ड काढून चष्म्याजवळ नेले, नखाने ती जागा चाचपली आणि म्हणाले, ‘लई बारीक काम केलंस की गं.’ त्यांच्या आवाजात काय होते ते मला तेव्हाही ओळखता आले नाही. कार्ड त्यांनी गठ्ठ्यात परत ठेवले आणि मामींना चहा टाकायला सांगितले. मी तेव्हा नोकरीत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात लाल पेन हातात घेतले आणि एका मुलाच्या वहीतला ‘पाणि’ दुरुस्त करताना किंचित थांबले, एवढाच फरक पडला. आणि मग तो दुरुस्त केलाच. शिक्षिकेला दुसरे काय करता येते?

भाचीला यातले काहीच माहीत नाही. ती दिवाळीनंतर नांदेडला परत गेल्यावर मी पुन्हा तो फोटो उघडला, व्हॉट्सअ‍ॅपने धुतलेला, निरोप नसलेला. लग्नाचा मांडव, सगळ्या बायका नटलेल्या, आणि आईचा तो पदर. पन्नास वर्षे आम्ही म्हणत आलो, काय मर्यादशील बाई, परक्या माणसाने फोटो काढला तर कशी अंग झाकून उभी राहिली. पाटल्या जाऊन तेव्हा सातआठ महिने झाले होते. दोन बोटांनी मी फोटो ताणला, कोपराशी, जिथे पदराची किनार वळते तिथे, आणि चौकोनी तुकड्यांपर्यंत गेले. तिथे काहीही दिसत नाही, लुगड्याचा रंगच तेवढा आहे.

गेल्या आठवड्यात भाचीने तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि सोबत उघडायची कृती लिहून दिली. शेजारच्या मुलाला बोलावून मी ती लॅपटॉपवर पार पाडली. पडद्यावर एक ओळ आली: ‘आत्या मी ईथे मजेत आहे, काळजी करु नको.’ तीन महिने ज्याची वाट पाहिली तो निरोप एवढाच होता. शेजारच्या मुलाला हसू आले. मी मात्र ‘ईथे’मधल्या दीर्घ ई-कडे आणि ‘करु’मधल्या पहिल्या उकाराकडे बघत राहिले. एका ओळीत दोन. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, तरी मी तिला फोन लावला आणि निरोप मिळाला म्हणून सांगायच्या आधी विचारले, ‘तू बरी आहेस ना?’

ती हसली. ‘मला शुद्धलेखन येत नाही एवढंच आहे आत्या. तू पण ना.’

मागे मुलींचा गलका होता, कोणाचा तरी वाढदिवस असावा. मी बरे म्हणून फोन ठेवला, आणि सकाळी नांदेडला जाणाऱ्या पहिल्या गाडीची वेळ बघून ठेवली.